उदगीरची काकू आणि सोळावा भाग

अव्वा, तुम्हाला जाऊन आज तेहतीस दिवस झाले आणि मी तुमच्यावर चिडलेली आहे. सासूशी तिच्या पश्चात बोलायला बसलेल्या सुनेनं अशी सुरुवात करू नये, एवढं मला कळतं. पण तुम्हालाही गोड बोलणारी माणसं फारशी कधी आवडली नाहीत.

भेटायला येणारे सगळे एकच वाक्य बोलून जातात. "एका परीनं बरंच झालं बघा, त्यांना काही कळलंसुद्धा नाही." मी मान हलवते आणि चहाला आधण ठेवते. मागच्या रविवारपर्यंत मी स्वतःही त्याच वाक्याच्या आधारानं उभी होते. मी तीन महिने तुमच्याशी खोटं बोलले, पण तुम्हाला काही कळलं नाही, म्हणजे निदान माझं खोटं कामाला आलं, असं मी मनाला समजावत होते. रविवारी ते समजावणंही संपलं. त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आपलं हे वेड सुरू झालं ते माझ्या टॅबवर. करोनात शाळा घरून भरायची म्हणून घेतलेला तो टॅब, मी दुपारी मेथी निवडताना डाळीच्या डब्याला टेकवून कोरियन सिरीयल बघायचे. तुम्ही पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आलात आणि तांब्या हातात धरून उभ्याच राहिलात.

"कुठली गं ही माणसं? नेपाळची का?"

"कोरियाची, अव्वा."

"तिकडं पण चपला दाराबाहेर काढत्यात की," म्हणालात आणि पाट ओढून बसलात. चपला बाहेर काढणाऱ्या लोकांवर तुमचा लगेच विश्वास बसला. पुढं तुम्हाला त्यांचं बाकीचंही पटत गेलं. मोठ्यांसमोर वाकणं, भेटल्या भेटल्या "जेवलास का" विचारणं, आणि सोळा भागांत गोष्ट संपवणं. आपल्याकडच्या मालिकेतली सून सात वर्षं कारस्थानं करते आणि तिच्या अंगावरची साडी चुरगळत नाही, असं तुमचं म्हणणं होतं. "ह्याला शेवट असतो ते बरंय. माणसाला उठून कामाला लागता येतं."

नटनट्यांची नावं तुम्हाला घेता येईनात, म्हणून तुम्ही सगळ्यांचं बारसं नव्यानं केलंत. माझा आवडता हिरो तुमच्यासाठी 'लांबमान्या' होता. "त्याच्यापेक्षा तुझा नवरा बरा, आपला महेश. ह्याला तर धड हसाया बी येत न्हाई." यावरून मी दोन दिवस तुमच्याशी कमी बोलले होते, आठवतं? आणि तुमची आवडती होती ती आईची कामं करणारी नटी. कपाळाला आठी घालून बघायची तिची ढब तुमच्या माहेरच्या कुठल्याशा काकूसारखी, म्हणून ती 'उदगीरची काकू' झाली. पहिल्या सिरीयलमध्ये ती अपघातात गेली, तेव्हा तुम्ही त्या दिवशी चहा घेतला नाहीत. पंधरा दिवसांनी दुसऱ्या सिरीयलमध्ये ती बाजारात मुळे विकायला बसलेली दिसली.

"अगं, मागच्यात मेली होती की ही!"

"नटी आहे ती, अव्वा. काम करते."

"ते कळतंय मला. पण मेल्यावर इतक्या लवकर दुसरीकडं कामाला लागली, म्हणून म्हणायले."

मी शाळेत इंग्रजी शिकवते. खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळींचं त्याच वेगानं मराठी करून तुम्हाला ऐकवायचं, हे मला जमायचं आणि मला त्याचा अभिमानही होता. खरं तर हिंदी आवाजही लावता येत होता. उदगीरच्या बाजारात वाढलेल्या तुम्ही, बागवानाशी दखनीत भांडून कोथिंबीर वरून फुकट आणणाऱ्या. हिंदी तुम्हाला माझ्यापेक्षा बरी यायची. तुम्ही म्हणायचात, "हिंदीत लाव की. तुझ्या घशाला कोरड पडायलीय." आणि मी ऐकायचे नाही. दुसऱ्याचा आवाज चिकटवला की अभिनय अर्धा मरतो, काकूचं रडणं तिच्याच गळ्यातून ऐकायला हवं, असं मी तुम्हाला वर्गात समजावतात तसं समजावायचे. तुम्ही म्हणायचात, "रडणं समद्या भाषांत सारखंच असतंय." हा वाद आपल्यात दोन वर्षं चालला. दिवाळीनंतर तुम्ही तो अचानक सोडून दिलात आणि मला वाटलं, मी जिंकले.

दसऱ्याच्या आधी तुमचं पोट दुखायला लागलं. लातुरात दाखवून झालं, मग सुरेखाताई म्हणाल्या, नांदेडला आणा. तुमची लेक, तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. तिकडच्या डॉक्टरांनी आम्हाला तिघांना आत बोलावलं आणि तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं. गाठ साधी नव्हती. हातात महिने होते, वर्षं नव्हती.

त्या संध्याकाळी सुरेखाताईंनी स्वतःच्या नांदेडच्या घरात मला आणि महेशला देवघरासमोर उभं केलं. "अव्वाला कळता कामा नये. कळलं की ती हाय खाईल अन् पंधरा दिवसांत जाईल. मी सांगून राहिली तुम्हाला." महेशनं मान खाली घातली. मी म्हणाले, ताई, अव्वांना विचारायला तर हवं, त्यांचा जीव आहे. ताईंनी माझा हात धरला, माझ्याच गळ्यात दोऱ्याला बांधलेल्या इष्टलिंगावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे शपथ." मी घेतली. लिंगावर हात ठेवून घेतलेली शपथ आपल्यात मोडत नाहीत, हे मला तुम्हीच लग्नानंतर सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीनं परत येताना आपण अहमदपूरला चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि विचारलंत, "डाक्टर काय म्हणला?" महेश म्हणाला, साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंच नाहीत. माझ्याकडं पाहिलंत. "तू सांग."

"हो अव्वा. साधी गाठ."

"बरं," म्हणालात आणि बशीला तोंड लावलंत.

तेव्हा आपण त्या खानावळवालीच्या सिरीयलमध्ये होतो. बंदराच्या गावात एकटी खानावळ चालवणारी विधवा म्हणजे उदगीरची काकू, आणि राजधानीत वकिली करणारी तिची लेक, जी आईचा फोन उचलत नाही. चार भाग झाले होते. नांदेडहून आल्यावर चौथ्या दिवशी मी नेहमीसारखा पाचवा भाग लावला. काकू पोट धरून खाली बसली. मग दवाखाना. मग एक डॉक्टर, त्याच्यासमोर लेक, आणि खाली ओळ आली: आईला सांगू नका.

ती ओळ मी तशीच जाऊ दिली. तुम्ही वाट बघत होतात.

"काय म्हणला गं?"

"म्हणतोय... ॲसिडिटी आहे. मीठ कमी करा."

पडद्यावर लेक दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसली आणि तोंडात मूठ कोंबून रडायला लागली. ते लोक रडायला नेहमी जिन्यातच जातात.

"मीठ कमी कर म्हणल्यावर ती कामून एवढी रडायलीय?"

"तिची नोकरी गेली, अव्वा. मघाशी फोन आला होता ना."

"आत्ता फोन कुठं आला?"

"आला होता. तुम्ही तेव्हा खिडकीकडं बघत होतात."

अशी मी फसत गेले. त्या दिवसापासून आपल्या घरात दोन सिरीयली सुरू झाल्या, एक पडद्यावर आणि एक माझ्या तोंडात. पडद्यावरची लेक आईसाठी वकिली सोडून गावी आली. माझ्या गोष्टीत नोकरी गेली म्हणून आली. पडद्यावर लांबमान्या तिला सांगत होता की आईला सत्य सांग, तिचा तो हक्क आहे. माझ्या गोष्टीत तो तिला खानावळीला रंग कुठला द्यायचा ते विचारत होता. मी पहाटे भाकरी टाकता टाकता मोबाईलवर पुढचा भाग बघून घ्यायचे आणि वहीच्या मागच्या पानावर खोटं लिहून काढायचे. शाळेत मुलींचे निबंध तपासताना मनात तेच घोळायचं. तुमचं लक्ष इतकं दांडगं की आठवड्यापूर्वीचा धागाही सुटायचा नाही. "परवा तर म्हणलीस नोकरी गेली, मग आज काळा कोट घालून कोर्टात कशी उभी?" मी म्हणायचे, जुना दिवस आठवतोय तिला. तुम्ही म्हणायचात, "अस्सं."

दुसरी सिरीयल लावू या, म्हणून मी दोनदा सुचवलं. एकदा नेट गेलं असंही सांगून पाहिलं. तुम्ही ऐकलं नाहीत. "अर्धवट सोडायचं न्हाई. काकूचं काय झालं ते बघितल्याबिगर मी उठणार न्हाई."

खोटं वाचताना माझा हात गळ्याकडं जायचा. मला ते ठाऊकही नव्हतं. एकदा तुम्ही पडद्यावरची नजर न हलवता म्हणालात, "हात खाली घे. ओढून ओढून दोरा तुटंल." मी हात खाली घेतला. त्यापुढचं तुम्हाला काय दिसत होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अकराव्या भागात काकू अंगणातल्या मोठाल्या मातीच्या रांजणांपाशी लेकीला घेऊन बसली. सोयाबीन आंबवून त्यांची जी चटणीसारखी पेस्ट करतात, ती कशी घालायची, ऊन किती, झाकण कधी काढायचं, सगळं तिनं लेकीला सांगितलं. मी नसल्यावर तुला कोण सांगणार, असं खाली लिहिलेलं होतं. मी वाचलं, "मी यात्रेला गेल्यावर गिऱ्हाइकाला काय देशील?" दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर तुम्ही भिंतीला टेकून बसल्या होतात आणि समोर गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, सगळं सुपात काढून ठेवलेलं.

"येसर करायचंय. आमटीला."

"अव्वा, थंडीत कुठं? उन्हाळ्यात करू की. तुम्हाला बसवत तरी आहे का?"

"आत्ताच. कढई ठेव. गहू किती भाजायचे ते बघ, नुसतं लिहून घेऊ नको."

मी कुरकुर केली. दिवसभर शिकवून आलेली, पाय दुखत होते, त्यात वर तुमचं 'जरा अजून, जरा अजून' चाललेलं. मी कढई आदळलीसुद्धा. त्या येसराचे तीन डबे आज फळीवर आहेत. एक उघडलाय. वास तुमच्याच हातचा येतो.

येळवसेची अमावास्या येईपर्यंत पंधरा भाग झाले. त्या दिवशी शेतात भज्जी-आंबिलीचं जेवण होतं, तुम्हाला नेता आलं नाही, म्हणून महेशनं डबा आणला आणि तुम्ही चमचाभर आंबील जिभेवर ठेवलीत. सोळावा राहिला होता. "तो आपण दोघींनी संगंच बघायचा," तुम्ही म्हणालात. "एकटीनं बघायचा न्हाई. तू बी न्हाई अन् मी बी न्हाई." मग तुम्हाला उठून बसता येईना. मी टॅब पलंगाशी आणला, तर तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत.

"राहू दे. तू बघ नंतर अन् मला येऊन सांग. ती लोकं जात्यात की मातीपाशी बसून बोलायला. आपल्यात बी पुरतातच."

"अव्वा, असलं काय बोलताय?"

"पण नीट सांग," म्हणालात. "नीट."

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवलं, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. केस मी विंचरले. बसलेल्या तुम्ही इतक्या नेहमीच्या दिसत होतात की मला वाटलं, आता म्हणाल, लाव की पुढचा भाग.

आता रविवारचं सांगते. दिवाळीत सुरेखाताईंनी तुम्हाला त्यांचा जुना मोबाईल दिला होता, नांदेडहून तोंड बघून बोलता यावं म्हणून. तो उशाच्या कप्प्यात तसाच होता. त्यातले तुमचे फोटो काढून घ्यावेत म्हणून मी उघडला. फोटोंच्या शेजारीच सिरीयलींचं ते ॲप होतं. मी बोट लावलं आणि उदगीरची काकू हिंदीत बोलायला लागली.

पंधराही भाग शेवटपर्यंत बघून झालेले. सोळाव्याला हातही लावलेला नाही.

मी सुरेखाताईंना फोन केला. त्या सहज म्हणाल्या, "हाव, मीच तर लावून दिलं होतं. अव्वा म्हणून राहिली होती, सकाळी सून शाळेत गेली की घर खायला उठतं, ती काकूवाली लावून दे हिंदीत. मी कशाला बघू त्यात काय हाय ते? काय झालं गं?" मी म्हणाले, काही नाही. जिनं माझ्याकडून शपथ घेतली, तिनंच नकळत तुमच्या हातात सगळं ठेवलं होतं. त्यांना मी हे सांगणार नाही. त्यांना सहन व्हायचं नाही.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही सकाळी खरं ऐकत होतात आणि दुपारी माझ्याकडून खोटं. डॉक्टर काय म्हणाला ते तुम्हाला ठाऊक होतं, लेक जिन्यात का रडली ते ठाऊक होतं, आणि काकूच्या पोटावरून स्वतःचं पोट ओळखायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी "काळा कोट घालून कशी उभी" म्हणून मला विचारत होतात! मला कात्रीत धरून गंमत बघत होतात का तुम्ही? की मला वाट करून देत होतात, आता तरी ही बोलेल म्हणून? चार दिवस मी याच्यावर डोकं फोडतेय. आणि मी बोलले नाही. माझी जीभ ॲसिडिटी आणि खानावळीच्या रंगावरच अडली.

मला राग याचा आहे की तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, "मला कळलंय." दोन शब्द. मग आपण दोघी टॅब बंद करून खरं बोललो असतो. मी विचारलं असतं, अव्वा, भीती वाटते का? तुमचे पाय दाबता दाबता मी एकदा तरी मोकळं रडले असते. बाथरूममध्ये नळ सोडून रडावं लागलं नसतं. तुम्ही एकटीनं सकाळी ते पंधरा भाग बघितलेत, शेजारी कुणी नसताना. हे मला कसं सोसावं? तुम्हाला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून तर मी रोज दुपारी धावत घरी येत होते.

पण मग मला तुमचा तो आवाज आठवतो, हात खाली घे, दोरा तुटंल. तुम्ही विचारलं असतंत तर मी शपथ मोडली असती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. अहमदपूरला विचारलंत ते शेवटचं. त्यानंतर एकदाही तुम्ही मला तुमच्या आजाराबद्दल विचारलं नाहीत. विचारलं ते सगळं काकूबद्दल. मला वाचवलंत, अव्वा. माझी शपथ तुम्ही सांभाळलीत, माझ्यापेक्षा जास्त. आणि मी मात्र येसराची कढई आदळली.

आज शाळा सुटली आणि मी घरी न जाता सरळ रुद्रभूमीत आले. आपल्या लोकांची ही पुरायची जागा दुपारी रिकामीच असते. तुमच्यावरची माती अजून ओली-सुकी आहे, महेशनं लावलेलं बेलाचं रोप तग धरून आहे. मी चपला लांब काढल्या. सोबत टॅब आणलाय आणि येसराची आमटी-भात डब्यात. हिंदी आवाज लावलेला नाही. तो वाद मी अजून सोडलेला नाही, काकू तिच्याच आवाजात बोलणार. सोळावा भाग मी अजून पाहिलेला नाही, वहीत काही लिहून आणलेलं नाही. काय येईल ते येईल. जसं लिहिलंय तसंच वाचणार आहे, आणि हात मांडीवर ठेवलेत.

सुरू झालं, अव्वा. एक हिरवी टेकडी आहे. गवत कापलेला मातीचा उंचवटा आहे. लेक एकटीच वर येतेय, हातात डबा. काळा कोट आहे. ती बसली. झाकण काढलं. आता बोलतेय, खाली ओळ आलीय. थांबा, वाचते.

"आई, मी आले. जेवलीस का?"

खरंच असंच लिहिलंय.